मुलासाठी स्पॅनिश नाव निवडताना: अर्थ, उच्चार आणि फसायच्या जागा

‘दिएगो’ या नावाचा अर्थ इंटरनेटवर शोधून बघा. एक यादी म्हणते ‘शिकवणारा’, दुसरी म्हणते ‘दुसऱ्याची जागा घेणारा’, तिसरी म्हणते ‘संत जेम्स’. तिन्ही सारख्याच ठामपणे सांगतात. खरी परिस्थिती अशी की मध्ययुगीन कागदपत्रांत हे नाव ‘दिदाकुस’ असं लॅटिन वेषात दिसतं. ते कुठून आलं यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही, आणि ते ‘सान्तियागो’तून फुटलं ही लोकप्रिय गोष्ट अनेकांना पटत नाही. तरी दिएगो हे सुंदर नाव आहे आणि खुशाल ठेवावं. फक्त बारशाच्या पत्रिकेवर ‘अर्थ: शिक्षक’ असं छापू नका.

याद्या चुकतात याचं कारण साधं आहे. आपल्याकडे ‘विजय’, ‘आनंद’, ‘समीर’ हे भाषेतले शब्द असतात. नाव ऐकलं की अर्थ आपोआप कळतो. स्पॅनिश माणसाला ‘पाब्लो’ ऐकून काहीही ‘कळत’ नाही, ते त्याच्या भाषेत नुसतं नाव आहे. आन्ख़ेल (देवदूत), साल्बादोर (तारणहार), लेओन (सिंह), दोमिंगो (रविवार, म्हणजे प्रभूचा वार), क्लेमेन्ते (दयाळू) अशी मोजकी नावं सोडली तर अर्थ स्पॅनिशमध्ये नसतो. तो हिब्रू, ग्रीक, लॅटिन, गॉथिक किंवा बास्क भाषेत जाऊन बघावा लागतो. म्हणून ज्या यादीत नावापुढे फक्त ‘मूळ: स्पॅनिश’ लिहिलंय, ती बाजूला ठेवा.

आधी मूळ भाषा ओळखा

हिब्रू नावं ओळखायला सर्वांत सोपी. शेवटी ‘एल’ असेल तर तो बहुधा देव. मिगेल म्हणजे ‘देवासारखा कोण?’, दानिएल ‘देव माझा न्यायाधीश’, राफाएल ‘देव बरं करतो’, गाब्रिएल ‘देव माझं बळ’, मानुएल ‘देव आमच्यासोबत’. शेवटी ‘एल’ नसलेली हिब्रू नावंही बरीच आहेत: मातेओ ‘देवाची देणगी’, ख़ुआन ‘देव कृपाळू आहे’, ख़ोसे ‘देव भर घालो’, दाविद ‘लाडका’, तोमास ‘जुळा’ (हे तसं अरामी), रुबेन ‘पाहा, मुलगा!’. ‘एल’च्या युक्तीला एक अपवाद लक्षात ठेवा. सध्या आवडीने ठेवलं जाणारं गाएल या कुटुंबातलं नाही. ते केल्टिक बाजूचं, आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या गेल लोकांवरून आलेलं. मराठी कानाला मात्र ते वेगळंच छान लागतं: ‘हा पोरगा गाएल.’

ग्रीक: आलेख़ान्द्रो (माणसांचा रक्षक), आन्द्रेस (पुरुषासारखा, शूर), निकोलास (लोकांचा विजय), फेलीपे (घोड्यांवर प्रेम करणारा), एस्तेबान (मुकुट), ख़ोर्ख़े (जमीन कसणारा, सरळ भाषेत शेतकरी).

लॅटिन नावांत लोक जास्त गोंधळतात. मार्तीन आणि मार्कोस हे युद्धदेव मार्सशी जोडलेले. बिथेन्ते म्हणजे जिंकणारा. बेनीतो म्हणजे आशीर्वाद लाभलेला. आद्रियान म्हणजे हाद्रिया गावचा. इथपर्यंत ठीक. पण पाब्लो म्हणजे ‘लहान’, क्लाउदिओचं नातं ‘लंगडा’ या शब्दाशी, थेथिलिओचं ‘आंधळा’शी. आपल्याकडे दगडू, धोंडू अशी नावं दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. रोमन लोकांचं कारण तसं नव्हतं. कुणातरी पूर्वजाला चिकटलेलं टोपणनाव पुढे घराण्याला चिकटलं, इतकंच. आज स्पेनमध्ये क्लाउदिओ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे लंगडा माणूस येत नाही, त्यामुळे अशा अर्थाने दचकायचं कारण नाही.

लॅटिन गटातल्या दोन चुका जवळपास सगळ्या याद्यांत सापडतात. लूकासचा अर्थ ‘प्रकाश’ देतात, कारण लॅटिनमध्ये प्रकाशाला ‘लुक्स’ म्हणतात. नाव आहे ते ग्रीक ‘लूकास’वरून, म्हणजे दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतातला माणूस. आन्तोनिओचा अर्थ ‘फूल’ देतात, कारण ग्रीकमध्ये फुलाला ‘आन्थोस’. प्रत्यक्षात ते आन्तोनिउस या जुन्या रोमन घराण्याचं नाव, आणि फुलाचा अर्थ नंतर चिकटवलेला. आणखी एक: मारिओ हे मारियाचं पुल्लिंग वाटतं, पण तेही मारिउस या रोमन घराण्याचं नाव आहे.

गॉथिक नावांचा कारखाना निराळा. व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या लोकांनी इ.स. ७११ मध्ये मुस्लिम सैन्य येईपर्यंत स्पेनवर राज्य केलं, आणि जाताना भाषा नाही तर नावं ठेवून गेले. त्यांची नावं दोन तुकड्यांची: रोद्रीगो = कीर्ती + सत्ताधीश, रामोन = सल्ला + रक्षण, आल्फोन्सो = उमदा + सज्ज, फेर्नान्दोच्या शेवटच्या तुकड्यात धाडस आहे, गोन्थालोच्या पहिल्यात लढाई. हे तुकडे जोडताना एकसंध वाक्य तयार व्हावं असा हट्ट नसे, म्हणून ‘शांततेसाठी धाडसी प्रवास करणारा वीर’ असली लांबलचक भाषांतरं दिसली की ती रचलेली समजा. ऊगो आणि एनरीके ही नावंही जर्मानिक बाजूचीच. ऊगो म्हणजे मन, बुद्धी. एनरीके म्हणजे घराचा धनी.

एक नाव जवळून: ख़ाब्येर

हे नाव मराठी माणसाला ‘झेवियर’ म्हणून पाठ आहे. मुंबईतल्या कॉलेजच्या पाटीवर आहे, जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकात ज्यांचं शव आहे त्या संतांचं आहे. या संतांचा, म्हणजे फ्रान्सिस्को यांचा, जन्म १५०६ मध्ये स्पेनच्या उत्तरेला नावार्रातल्या ज्या किल्ल्यात झाला, त्या जागेचं नाव ख़ाब्येर. म्हणजे झेवियर हे मुळात त्यांचं पाळण्यातलं नाव नाहीच, गावाचं आहे. संत इतके गाजले की गावाच्या नावाचं मुलांचं नाव झालं.

आता गावाचं नाव कुठून आलं? त्या भागातल्या बास्क भाषेतलं ‘एचे बेर्री’. एचे म्हणजे घर, बेर्री म्हणजे नवं. जिभेवर घासून त्याचं शाबिएर झालं, स्पॅनिशमध्ये ख़ाब्येर, पोर्तुगीजांकडून आणि इंग्रजांकडून झेवियर. अर्थ ‘नवं घर’. आपल्याकडे वसईत आणि मुलुंडला जे ‘नवघर’ आहे, तेच. ‘तेजस्वी’ हा अर्थ अनेक याद्यांत दिसतो, त्याला आधार नाही.

नाव तपासायची पद्धत हीच. मूळ भाषा, मग त्या भाषेतला शब्द, मग ते नाव लोकप्रिय करणारी व्यक्ती. तिन्ही दुवे जुळले तरच अर्थ लिहा.

बास्क भाषेचं नातं स्पॅनिशशीच काय, जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे तिची नावं ऐकायला वेगळी लागतात: उनाय (गुराखी), आस्येर (‘सुरुवात’ या शब्दावरून), आरित्झ (ओक वृक्ष), एनेको (‘माझा छोटा’ असा अर्थ सांगितला जातो). याच एनेकोचं स्पॅनिश रूप ईन्यिगो. जेसुइट हा कॅथलिक धर्मसंघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या संतांचं जन्मनाव ईन्यिगो होतं, इग्नासिओ त्यांनी नंतर घेतलं. दोन नावं मुळात वेगळी आहेत, पण आज लोक ती एकच समजतात. ‘प्राचीन बास्क नाव’ म्हणून विकली जाणारी सगळी नावं प्राचीनही नसतात. ईकेर (भेट, बायबलमधल्या मारियेच्या भेटीवरून) हे बास्क राष्ट्रवादी नेते साबिनो आराना यांनी घडवलं, आणि आयतोर हे १९व्या शतकात ऑगस्टिन शाओ या लेखकाने रचलेल्या दंतकथेतून आलं. नवी आहेत म्हणून कमी दर्जाची नाहीत, पण वय माहीत असावं.

अरबी वारसा मुलांच्या नावांत थोडाच उरला आहे. बोर्ख़ा हे त्यातलं मजेदार. ते सारागोसा प्रांतातल्या गावाचं नाव. ते अरबी ‘बुर्ज’वरून आलं असं मानलं जातं, आणि आपला ‘बुरूज’ही तिथूनच. शेवटी ‘आ’ असला तरी हे मुलाचं नाव आहे.

उच्चार: इथे मराठी माणूस पुढे आहे

इंग्रजीतून आलेला माणूस जिथे अडतो, तिथे आपण अडत नाही. स्पॅनिश त आणि द दातांवरचे, आपल्यासारखेच. ‘डिएगो’, ‘माटेओ’, ‘फर्नांडो’ असं लिहायची सवय इंग्रजी स्पेलिंगमुळे लागते. दिएगो, मातेओ, फेर्नान्दो लिहा. प आणि क हेही आपलेच, श्वास न सोडता. स्वर पाचच आणि स्वच्छ.

अडचण येते ती या अक्षरांशी:

जे अक्षर, आणि ई (e) किंवा आय (i) या स्वरांआधीचं जी अक्षर: घशातून घासत येणारा, उर्दूतल्या ‘ख़बर’मधला ख़. ख़ोर्ख़े या एका नावात दोन्ही येतात. कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेत तो मऊ होऊन जवळजवळ ‘ह’ होतो.

एच: मुका. म्हणून ऊगो, ‘ह्यूगो’ नाही. एक्तोर, ‘हेक्टर’ नाही.

व्ही आणि बी: एकच आवाज, ब. स्वरांच्या मध्ये आला की ओठ पुरते मिटत नाहीत, म्हणून तो आपल्याला कधी ‘व’सारखा भासतो. आल्बारो, बीक्तोर.

झेड, आणि ई-आयपूर्वीचं सी: स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून, अमेरिका खंडात सरळ ‘स’. गोन्थालो आणि गोन्सालो हे एकच नाव. इथूनच ‘इथान’चं कोडं सुटतं. इंग्रजी ‘ईथन’ ऐकून स्पेनमधल्या पालकांनी ते स्पॅनिश नियमाने झेड घालून लिहिलं. हे लिखित रूप घेऊन मेक्सिकोत गेलात तर लोक ‘इसान’ म्हणतील.

डबल एल: य, किंवा ज-य यांच्या मधलं. गियेर्मो. ब्युनोस आयरेसमध्ये गिशेर्मो ऐकू येईल, दचकू नका.

जी-यू नंतर ई किंवा आय: यू गिळायचा. मिगेल. ‘मिग्युएल’ ही सर्वांत जास्त होणारी चूक. तसंच क्यू-यू म्हणजे नुसता क: एनरीके, ख़ोआकीन.

एन्ये, म्हणजे एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ: न्य. हे वेगळं अक्षर आहे, सजावट नव्हे.

आर सुरुवातीला आला तर जीभ थरथरवायची: र्रोद्रीगो. मधला एकटा आर साधा.

डोक्यावरची रेघ विसरू नका

स्पॅनिशमध्ये स्वरावर जी तिरकी रेघ येते तिला तिल्दे म्हणतात. ती जोर कुठे द्यायचा ते सांगते. नियम असा: शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर), नाहीतर शेवटच्यावर. जे या नियमात बसत नाही, त्याला रेघ. कार्लोस एसने संपतो, जोर ‘कार’वर, रेघ नको. मानुएल एलने संपतो, जोर शेवटी, रेघ नको. मार्तीन एनने संपतो, पण जोर शेवटी हवा, म्हणून आयवर रेघ. तीच गत तोमास, निकोलास, आद्रियान, ख़ुलियान, ख़ेसूस, रामोन यांची. ओस्कार आणि बीक्तोर यांना उलट पहिल्या स्वरावर.

‘मोठ्या लिपीत रेघ लागत नाही’ हा समज स्पॅनिश लोकांतही आहे आणि तो चुकीचा आहे. स्पॅनिश अकादमीच्या नियमाने कॅपिटल अक्षरांवरही ती लागते. आल्बारो, ईन्यिगो, ओस्कार यांच्या आद्याक्षरावरच रेघ असल्याने नेमकी तिथेच ती सुटते. पाळण्यावरची पाटी, चांदीचं लॉकेट, केकवरचं नाव, काहीही करायला देताना रेघेसह लिहून द्या. तोंडी सांगून भागत नाही. तोमासवरची रेघ काढली तर उरलेल्या शब्दाचा अर्थ ‘तू घेतोस’ असा होतो.

पासपोर्टवर वेगळा हिशेब आहे. तळाच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. रेघा गळतात आणि एन्येचं बहुधा साधं एन होतं. ते तुमच्या हातात नाही. जन्मदाखल्यावर मात्र नाव बरोबर आहे का हे सही करण्याआधी बघा. देवनागरीत तिल्दे नसल्याने जोराचा स्वर दीर्घ लिहायचा, ‘मार्तीन’, ‘ख़ोआकीन’, हा बरा उपाय.

घरी काय हाक मारणार?

स्पॅनिश कुटुंबात कागदावरचं नाव क्वचितच ऐकू येतं. नावापेक्षा लघुनाव आयुष्यभर जास्त चालतं, म्हणून निवडताना दोन्ही बघा. लघुनाव मूळ नावाशी जुळेलच असं नाही:

फ्रान्सिस्को: पाको, फ्रान, कीको, दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियात कुर्रो, लॅटिन अमेरिकेत पान्चो. ख़ोसे: पेपे. ख़ेसूस: चूस, स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसियात सूसो, मेक्सिकोत चूय. इग्नासिओ: नाचो. मानुएल: मानोलो, मानू. एनरीके: कीके. गियेर्मो: गिये, मेक्सिकोत मेमो. एदुआर्दो: एदू, मेक्सिकोत लालो. लुईस: दक्षिण अमेरिकेत लूचो. सान्तियागो: सान्ती. आलेख़ान्द्रो: आलेक्स, ख़ान्द्रो. जोडनावांची तर खास गंमत: ख़ुआन ख़ोसेचा ख़ुआन्ख़ो, ख़ोसे मारियाचा चेमा, ख़ोसे लुईसचा पेपेलू.

पेपेबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: संत जोसेफ हे येशूचे ‘मानीव पिता’, त्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं पी-पी, म्हणून पेपे. गोष्ट गोड आहे, पण खोटी. जुन्या ‘ख़ोसेपे’ या रूपाचं शेपूट लाडाने दुमडलं की पेपे होतं, एवढी साधी वाट आहे. नाचोची गोष्ट मात्र खरी. मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात १९४०च्या दशकात इग्नासिओ आनाया यांनी घाईत तळलेल्या मक्याच्या तुकड्यांवर चीज घालून दिलं आणि त्या पदार्थाला त्यांचंच लघुनाव मिळालं. मुलाचं नाव इग्नासिओ ठेवायचं तर भारतात शाळेत त्याला काय ऐकावं लागेल, याचा विचार आधीच केलेला बरा.

कुठलं ‘स्पॅनिश’?

याद्यांतला दुसरा मोठा घोळ म्हणजे शेजारच्या भाषांची भेसळ. मात्तेओ (त दोनदा) इटालियन, मातेउस पोर्तुगीज, मातेओ स्पॅनिश. पाओलो इटालियन, पाउलो पोर्तुगीज, पाब्लो स्पॅनिश. जिओवान्नी, जुआंव, ख़ुआन. आलेस्सान्द्रो, आलेशान्द्रे, आलेख़ान्द्रो. गोव्यामुळे आपल्या कानाला पोर्तुगीज रूपं जवळची आहेत. त्यामुळे ‘आपल्याला माहीत आहे’ असं वाटून चूक होते. गोव्यात फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस ही आडनावं पोर्तुगीज पद्धतीने एसने संपतात, स्पॅनिशमध्ये ती झेडने संपतात. अर्थ दोन्हीकडे एकच: फेर्नान्दोचा, रोद्रीगोचा, गोन्थालोचा मुलगा. तियागो हे मूळ पोर्तुगीज रूप आज अर्जेंटिनात स्पॅनिश घरांतही सर्रास चालतं, तेव्हा सीमा अगदी भिंतीसारखी नाही.

स्पेनच्या आतही चार भाषांची नावं आहेत. ख़ोर्ख़े बार्सिलोनात झोर्दी होतो, आणि २३ एप्रिलला, सान झोर्दीच्या दिवशी, तिथे पुस्तकं आणि गुलाब देतात. ख़ुआन तिथे झुआन होतो. त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या मुलीच्या ‘जोन’सारखं दिसतं, त्यामुळे परदेशी अर्जांवर या मुलग्यांना हमखास ‘मिस’ लिहिलं जातं. पाब्लोचं कातालान (बार्सिलोनाकडच्या भाषेतलं) रूप पाउ. त्याच शब्दाचा अर्थ कातालानमध्ये ‘शांती’ही होतो, पण मराठी घरात तो पावच राहणार. गाब्रिएलचा बिएल, पाब्लोचाच पोल (आपल्याकडे पोल उघडी पडते!), आणि नील. हे शेवटचं बघाच. सान निलो या संतावरून आलेलं अस्सल कातालान नाव, उच्चार थेट आपल्या नीलसारखा. गालिसियात ब्लासचा ब्राइस, आन्ख़ेलचा आन्शो, रोद्रीगोचा रोय होतो.

हुकूमशहा फ्रँकोच्या काळात ही प्रादेशिक रूपं नोंदवता येत नसत. १९७७च्या कायद्याने स्पेनमधल्या कुठल्याही भाषेतलं नाव नोंदवायची मुभा मिळाली. म्हणून साठ-सत्तरीतल्या बास्क माणसाच्या जुन्या कागदांवर मिगेल आणि घरात मिकेल, असं दिसतं.

नाव आजोबांच्या काळचं आहे की आजचं, हे कळायला स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचं (आयएनई) मोफत शोधपान आहे. नाव टाकलं की किती जणांचं आहे, कुठल्या प्रांतात जास्त आणि सरासरी वय किती, ते दिसतं. आन्तोनिओ, मानुएल, ख़ोसे यांची संख्या प्रचंड, पण सरासरी वयही भरपूर. गेल्या दशकातली बाळं ऊगो, मातेओ, मार्तीन, लूकास, लेओ. तिथे सगळी नावं रेघांविना छापलेली असतात, तेव्हा स्पेलिंग तिथून उचलू नका.

नाव आणि तारीख जुळवायची जुनी चाल अजून आहे. प्रत्येक नावाचा एक संतदिन असतो आणि काही घरांत तो वाढदिवसासारखा साजरा होतो: ख़ोसे १९ मार्च (स्पेनमध्ये पितृदिनही हाच), ख़ुआन २४ जून (गोव्यात सांजांवच्या दिवशी विहिरीत उड्या मारतात तोच), फेर्मीन ७ जुलै, सान्तियागो २५ जुलै, मातेओ २१ सप्टेंबर, मिगेल-गाब्रिएल-राफाएल तिघेही २९ सप्टेंबर, मार्तीन ११ नोव्हेंबर, ख़ाब्येर ३ डिसेंबर. ज्यांच्या नावाचा संत नाही, त्यांना १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस.

नोंदणी

स्पेनमध्ये बाळ झालं तर बाराव्या दिवसाची वाट बघायला वेळ नसतो. रुग्णालयामार्फत नोंद करायची तर ती ७२ तासांत पाठवली जाते आणि तेव्हा नाव ठरलेलं लागतं. (महाराष्ट्रात जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि नाव नंतर घालता येतं. या सवयीने तिथे गेलेल्यांची धांदल होते.) २०११चा नागरी नोंदणी कायदा सांगतो: जास्तीत जास्त दोन साधी नावं किंवा एक जोडनाव. व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं किंवा ओळख गोंधळात टाकणारं नाव नको. तीच आडनावं असलेल्या हयात भावंडाचं नाव पुन्हा नको. या कलमांचा अर्थ अधिकाऱ्यागणिक बदलतो. २०१६ मध्ये माद्रिदजवळच्या एका जोडप्याला ‘लोबो’, म्हणजे लांडगा, हे नाव आधी नाकारलं गेलं आणि नंतर वरच्या कार्यालयाने मान्य केलं. अमेरिका खंडात प्रत्येक देशाचे नियम वेगळे. मेक्सिकोच्या सोनोरा राज्याने २०१४ मध्ये ६१ नावांची बंदीयादीच काढली, तिच्यात रोबोकॉप आणि फेसबुकही होते.

जोडनावात क्रम बदलला की लिंग बदलतं. ख़ोसे मारिया मुलगा, मारिया ख़ोसे मुलगी. आन्द्रेआ इटलीत मुलगा, स्पेनमध्ये मुलगी.

मग आडनावं. स्पॅनिश माणसाला दोन असतात: सहसा वडिलांचं पहिलं आणि आईचं पहिलं. चित्रकार पाब्लो रुइथ पिकासोचे वडील रुइथ, आई पिकासो. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसला नुसतं ‘मार्केस’ म्हणणं म्हणजे त्याच्या आईच्याच आडनावाने हाक मारणं. ३० जून २०१७ पासून स्पेनमध्ये वडिलांचं आडनाव आपोआप पुढे येत नाही. क्रम आईवडिलांनी ठरवायचा, आणि पहिल्या बाळासाठी जो ठरेल तोच पुढच्या भावंडांना लागतो. निवडलेलं नाव दोन्ही आडनावांसकट मोठ्याने म्हणून बघा. मार्तीन मार्तीनेथ, गोन्थालो गोन्थालेथ यांत चूक काही नाही, पण म्हणजे ‘मार्तीनचा मुलगा मार्तीन’. आडनाव लांब असेल तर लेओ, ऊगो अशी दोन अवयवांची नावं बरी बसतात. आखूड आडनावाला आलेख़ान्द्रो, सेबास्तियान पेलवतात.

मराठी पद्धतीचं ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ स्पॅनिश अर्जात नेमकं चुकीच्या चौकटीत पडतं. अर्जात तीन रकाने असतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. सलग तीन शब्द सांगितले की कारकून मधलं वडिलांचं नाव पहिलं आडनाव समजून टाकतो, आणि खरं आडनाव आईचं ठरतं. भारतीय पासपोर्टात ‘सरनेम’च्या ओळीत जे आहे तेच पहिल्या आडनावाच्या रकान्यात लिहा, दुसरा रकाना रिकामा ठेवा, आणि बाळाच्या भारतीय कागदांवरही हीच विभागणी करा.

दोन्हीकडे चालेल असं नाव हवं असेल तर शेवटची चाचणी उलट दिशेने घ्या: मराठी नाव स्पॅनिश नियमांनी वाचून बघा. रोहनचा एच गळून ‘रोआन’ होतो, विवेक ‘बिबेक’ होतो, यशच्या शेवटचा श स्पॅनिश जिभेवर टिकत नाही आणि ‘यास’ उरतो. जय मात्र स्पष्टच टाळा, कारण जेचा ख़ झाला की वर्गात हजेरीला रोज ‘ख़ाय’ ऐकू येईल. नील ठेवायचं तर डबल ई लिहू नका, ‘नेएल’ वाचतील. कातालान लोक लिहितात तसं एन-आय-एल लिहा.